पाट मांडलाय का ते बघ

वर्गात गेलीस की पहिल्याच आठवड्यात एखादं पोर हात वर करेल आणि विचारेल, "मॅडम, 'द बेल रँग' हे पॅसिव्ह ना? घंटा काय आपली आपण वाजते? शिपाईकाका वाजवतात." त्याला गप्प बसवू नकोस. त्याचं उत्तर चुकलंय, पण शंका खरी आहे, आणि गाइडातल्या व्याख्येने ती फिटत नाही. किंबहुना त्या व्याख्येनेच त्याला फसवलंय. गाइड म्हणतं, वाक्यातल्या कर्त्यावर क्रिया घडली की पॅसिव्ह. घंटेवर क्रिया घडली, म्हणजे पॅसिव्ह. पोराचं काय चुकलं?

चुकलं ते एवढंच की त्याने वाक्य सोडून शाळेच्या व्हरांड्याकडे पाहिलं. तिथे शिपाई आहे, टोल आहे, सगळं आहे. पण वाक्यात काय आहे? हे तू मनाशी पक्कं कर आणि मग मुलांना सांग. त्यासाठी पंगत आठव. तिथे एखादा पाट रिकामा असतो. माणूस आलेला नाही, पण पाट मांडलाय, पान वाढलंय, तो केव्हाही येऊन बसू शकतो. 'द बेल वॉज रंग' (आपला रंग नव्हे गं, 'रिंग'चं तिसरं रूप) या वाक्यात शिपायाचं नाव नाही, पण त्याचा पाट मांडलेला आहे. 'बाय द पिऊन' म्हटलं की तो येऊन बसतो. 'द बेल रँग' मध्ये मात्र पाटच नाही. 'द बेल रँग बाय द पिऊन' म्हणून बघ, कानाला खटकतं. म्हणजे ते वाक्य अकर्मक, इंग्रजीत इन्ट्रान्झिटिव्ह, आणि त्याचा प्रयोग अ‍ॅक्टिव्हच.

आणखी एक काळजी घे. वर्गात 'कर्ता' हा शब्द जपून वापर. व्याकरणातला कर्ता वेगळा आणि प्रत्यक्ष काम करणारा माणूस वेगळा. मुलं दोघांना एकच समजतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. मी काम करणाऱ्याला सरळ 'करणारा' म्हणायची. पॅसिव्हमध्ये करणारा कर्त्याच्या जागेवरून उठलेला असतो, पण पंगतीतून गेलेला नसतो. अकर्मक वाक्यात त्याला आमंत्रणच नसतं.

हे ओळखायची मराठी मुलाची जन्मजात ताकद आहे, ती वापर. चार वर्षांचं पोरसुद्धा आईला काय सांगतं? 'कप फुटला.' 'फोडला' असं ते मेलं तरी म्हणणार नाही. दोन क्रियापदांमध्ये काय फरक आहे हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण 'फोडला' म्हटलं की पुढे 'कुणी?' येणार आणि 'फुटला' म्हटलं की प्रश्न तिथेच थांबण्याची निदान आशा आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं, जळणं-जाळणं, फाटणं-फाडणं, बुडणं-बुडवणं, सुटणं-सोडणं, गळणं-गाळणं. आपल्याकडे अशा जोड्यांची रास आहे. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी दोन्ही कामांना एकच क्रियापद. 'ब्रेक' म्हणजे फुटणंही आणि फोडणंही. 'सिंक' म्हणजे बुडणंही आणि बुडवणंही. म्हणून मुलाला आधी मराठीत बोलायला लाव. तोंडून 'फुटला' आलं तर 'द कप ब्रोक'. 'फोडला गेला' किंवा 'फोडण्यात आला' आलं तर 'द कप वॉज ब्रोकन'. पंधरा मिनिटांत वर्ग रुळावर येतो. पण 'उघडणं'सारख्या काहींना मराठीतही जोडीदार नाही. दार उघडतं आणि आपणही दार उघडतो. तेव्हा ही युक्ती शिकवताना पहिलं उदाहरण दाराचं घेऊ नकोस, आणि नेमकं सगळ्या पुस्तकांत पहिलं उदाहरण दाराचंच असतं.

फरक केवळ गुणांपुरता नाही, हे मुलांना जहाजांवरून कळतं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली. तिच्याबद्दल इंग्रजीत 'सँक' म्हणायचं. ९ डिसेंबर १९७१ ला दीवच्या समुद्रात आपली 'खुक्री' ही युद्धनौका गेली, तिला पाकिस्तानच्या 'हँगोर' पाणबुडीने टॉर्पेडो मारला होता. तिच्याबद्दल 'वॉज संक' म्हणायचं. खुक्रीबद्दल कुणी नुसतं 'सँक' म्हटलं तर इंग्रजी चुकत नाही, पण पाणबुडी वाक्यातून पुसली जाते. आणि रामदासबद्दल कुणी 'वॉज संक' म्हणालं तर ऐकणारा दचकून विचारेल, कुणी बुडवली? दोन्ही बोटी मुलांच्या कानावरून गेलेल्या असतात. नसल्या तर या निमित्ताने जाऊ देत.

इथेच दोन कसोट्या शिकवून टाक, 'बाय' लावून बघण्यापेक्षा त्या जास्त खात्रीच्या आहेत. पहिली, वाक्यात 'डेलिबरेटली' म्हणजे मुद्दाम हा शब्द घालायचा. 'द शिप वॉज डेलिबरेटली संक' चालतं, कारण मुद्दाम करणारा कुणीतरी पाटावर आहे. 'द शिप सँक डेलिबरेटली' म्हटलं की जहाजालाच आत्महत्येची बुद्धी झाली असा अर्थ होतो आणि वर्ग हसतो. दुसरी, हेतू जोडून बघायचा. विम्याचे पैसे मिळावेत म्हणून जहाज बुडवलं गेलं, हे पॅसिव्हमध्ये नीट सांगता येतं. पैसे मिळावेत म्हणून जहाज बुडालं, हे ना इंग्रजीत बसतं ना मराठीत. हेतू असायला मन लागतं, आणि मन असलेला कुणी त्या वाक्यात नाही. उलट बाजूची कसोटीही आहे, 'बाय इटसेल्फ', म्हणजे आपलं आपण. दार आपलं आपण उघडलं, हे अकर्मकाशी जमतं; आपलं आपण उघडलं गेलं, हे जमत नाही.

ही आपलं आपण वाली कसोटी कुणा इंग्रजाने काल काढलेली नाही बरं. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात सत्याऐंशीवं सूत्र आहे, त्याखाली वैयाकरण उदाहरण देतात ते लाकूड आपलं आपण फुटतं असं, आणि तिथे 'स्वयमेव' हा शब्द मुद्दाम घालतात. गंमत अशी की संस्कृत अशा वेळी क्रियापदाला कर्मणीसारखं रूप देतं आणि इंग्रजी अ‍ॅक्टिव्हच ठेवतं. दोन भाषांनी एकच अडचण दोन टोकांनी सोडवली. तुझ्या वर्गात संस्कृत घेतलेली चार मुलं असली तर त्यांना हे जरूर सांग, बाकीच्यांना नको.

आता मोठा खड्डा कुठे आहे ते सांगते. तो इंग्रजीत नाही, शेजारच्या मराठीच्या तासाला आहे. तिथे बाई शिकवतात, 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग. पुढच्या तासाला तू शिकवणार, 'राम एट द मँगो' हे अ‍ॅक्टिव्ह. आणि डिक्शनरी म्हणते पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. मूल बिचारं दोन्ही वह्या शेजारी ठेवून बसतं. हुशार मूल जास्त गोंधळतं, कारण ते दोन्हीकडे लक्ष देतं.

दोघी बरोबर आहात, फक्त मोजपट्टी वेगळी आहे. मराठी व्याकरण विचारतं, क्रियापद कुणाच्या लिंगवचनाप्रमाणे फिरतं? आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, आंबे खाल्ले. कर्माप्रमाणे फिरलं, म्हणून कर्मणी. राम त्या वाक्यात ताठ बसलेला आहे, त्याला कुणी उठवलेलं नाही. इंग्रजी वेगळं विचारतं, करणाऱ्याला मानाच्या जागेवरून उठवलं का? दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ चं. तेव्हापासून प्रयोगांवर आपल्याकडे रणं माजलीत, त्यात तू पडू नकोस. मुलांना एवढंच सांग की इंग्रजी पॅसिव्हचा खरा मराठी भाऊ म्हणजे 'रावण रामाकडून मारला गेला'. त्याला स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत नवीन कर्मणी म्हणतात, काही कर्मकर्तरी म्हणतात. 'गेला' आणि 'कडून', ही खूण. 'ने' आणि भूतकाळ ही खूण नव्हे. ज्या मुलाला हे सांगितलेलं नसतं ते 'आईने पोळ्या केल्या' याचं भाषांतर 'पोळीज वेअर मेड बाय मदर' असं करतं, आणि त्याच्या प्रत्येक निबंधात माणसं कमी आणि वस्तू फार होतात.

भावे प्रयोगाचंही तसंच. मराठीत 'त्याने जावं', 'मला चालवत नाही' अशी अकर्मक क्रियापदांचीही वेगळी रचना होते. संस्कृतात तर निजण्याचाही भावे प्रयोग होतो. त्यामुळे आपल्याला वाटतं, अकर्मकालाही काहीतरी करून फिरवता येत असेल. इंग्रजीत येत नाही. कर्म नाही तर पुढे आणायचं कुणाला? 'द सन राइझेस इन द ईस्ट' याचा व्हॉइस बदला असं मी अधूनमधून मुद्दाम द्यायची. निम्मा वर्ग 'द ईस्ट इज रिझन बाय द सन' लिहायचा. दिशाच उगवायची. एकदा असं हसं झालं की ते मूल जन्मभर कर्म शोधल्याशिवाय व्हॉइस बदलत नाही.

कर्म शोधताना 'काय?' आणि 'कुणाला?' हे दोन प्रश्न विचारायचे, हे तुला माहीत आहे. पण क्रियापदापुढे नाम दिसलं की ते कर्मच, असं नाही. 'ही वॉक्ड फाइव्ह माइल्स', 'शी वेंट होम', 'ही स्लेप्ट एट अवर्स'. मैल, घर, तास, सगळी नामं आहेत, पण चालणं पाच मैलांवर घडलेलं नाही. किती, कुठे, केव्हा याचं उत्तर देणारं नाम बाजूला काढ. उलट 'हॅव', 'कॉस्ट', 'रिझेम्बल' यांच्यापुढचं नाम दिसायला कर्मासारखं, पण तिथेही पॅसिव्ह होत नाही. बहीण आईसारखी दिसते, याचं 'आई बहिणीकडून' काही होत नाही. यात फार वेळ घालवू नकोस, परीक्षेत क्वचित येतं.

वेळ घालव तो 'वॉज हॅपन्ड' वर. ही साथ आहे. शाळेत सुरू होते आणि अर्जांतून, पंचनाम्यांतून, सोसायटीच्या नोटिसांतून आयुष्यभर चालते. 'अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट वॉज ऑकर्ड', 'ही वॉज डाइड', 'द ब्रिज वॉज कोलॅप्स्ड', 'इट इज डिपेंड ऑन', 'धिस लँड इज बिलाँग्ड टू'. हे का होतं ते कळलं तर उपाय सापडतो. आपण मनात म्हणतो 'अपघात झाला'. 'झाला' म्हणजे 'वॉज', ही जोडी लहानपणापासून घोटलेली. ती हात सोडत नाही, आणि खरं क्रियापद मागून येऊन चिकटतं. शिवाय अपघातावर, मरणाऱ्यावर काहीतरी ओढवलं आहे, त्याने ते केलेलं नाही, ही जाणीवही 'वॉज'कडे ढकलते. म्हणून हे फक्त मराठी मुलांचं होत नाही, जपानी आणि चिनी मुलंही इंग्रजी शिकताना हेच करतात. १९७८ मध्ये डेव्हिड पर्लमटर या भाषाशास्त्रज्ञाने मांडलं होतं की अकर्मक क्रियापदांत दोन जाती आहेत. हसणं, पळणं, बोलणं यांचा कर्ता खरंच काही करतो. पडणं, मरणं, वितळणं, घडणं यांचा कर्ता नावाचाच, आतून तो कर्मासारखा. मुलांचा 'वॉज' बहुतेक करून या दुसऱ्या जातीला चिकटतो. 'ही वॉज लाफ्ड' म्हणणारं मूल विरळा, 'ही वॉज डाइड' म्हणणारी डझनाने. तेव्हा तुझ्या वर्गातली ती पोरं मंद नाहीत. त्यांना अर्थ बरोबर कळलाय, रूप चुकलंय.

यावर नियम सांगत बसू नकोस, पाठच करून घे. हॅपन, ऑकर, डाय, अपिअर, डिसअपिअर, अराइव्ह, रिमेन, एक्झिस्ट, बिलाँग, डिपेंड, कन्सिस्ट. यांच्या मागे नुसतं 'वॉज' लावून पॅसिव्ह होत नाही. सोसायटीच्या फळ्यावर जशी गेटची वेळ लिहून ठेवतात तशी ही यादी वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेव आणि वर्षभर पुसू देऊ नकोस.

'डाय' शिकवताना 'किल' शेजारी ठेव. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले, तिथे 'डाइड'. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली, तिथे 'वॉज असॅसिनेटेड'. मराठीत दोन्हीकडे 'गेले' म्हणून भागतं, इंग्रजीत दुसऱ्याला 'डाइड' म्हटलं तर पिस्तूल लपतं. मग मुलं म्हणतील, म्हणजे माणसाने मारलं तरच 'वॉज किल्ड'? नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं गेली. त्या बातम्यांत 'वेअर किल्ड' असंच येतं. पाटावर माणूसच बसला पाहिजे असं नाही. भूकंप, पूर, वीज, विषाणू, कुणीही चालतं. 'ड्राउन' मात्र जपून. पूर्वीच्या पुस्तकांत बुडून मेलेल्यालाही 'वॉज ड्राउन्ड' म्हणायचे. आता तसं लिहिलंस तर वाचणाऱ्याला कुणीतरी बुडवल्याचा संशय येतो. अपघात असेल तर नुसतं 'ड्राउन्ड' लिही.

याच्या उलटा रोग म्हणजे 'वॉज' हवा तिथे गाळणं. 'आय बॉर्न इन सातारा', 'द पेशंट डिस्चार्ज्ड यस्टर्डे', 'द मीटिंग पोस्टपोन्ड'. जन्म आपण घेतो असं मराठी म्हणतं, पण इंग्रजीत आई जन्माला घालते आणि आपण जन्माला घातले जातो. म्हणून 'वॉज बॉर्न'. पेशंट स्वतःला डिस्चार्ज देत नाही, मीटिंग स्वतःला पुढे ढकलत नाही. या रोगाचं खापर बऱ्याच अंशी इंग्रजी पेपरांच्या मथळ्यांवर फोडायला हरकत नाही. 'टू अरेस्टेड', 'मॅच कॅन्सल्ड' असे मथळे असतात, तिथे जागा वाचवायला 'वेअर', 'वॉज' काढलेले असतात. मुलांना मथळा द्यायचा आणि पूर्ण वाक्य करायला सांगायचं. 'थ्री किल्ड' ला 'वेअर' लागतो, 'ब्रिज कोलॅप्सेस' ला काही लागत नाही. गृहपाठाला याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि त्या निमित्ताने पेपर वाचला जातो.

मुलगे पेंगायला लागले की क्रिकेट काढ. धावफलकावर निम्मं पॅसिव्ह असतं, कुणी सांगत नाही इतकंच. 'बोल्ड', 'कॉट', 'स्टम्प्ड', 'रन आउट', सगळ्यांच्या मागे न लिहिलेला 'वॉज' आहे आणि करणाऱ्याचं नावही बहुतेक वेळा शेजारी छापलेलं असतं. 'हिट विकेट' मात्र अ‍ॅक्टिव्ह, आपल्याच हाताने यष्ट्या पाडल्या. 'रिटायर्ड हर्ट' अकर्मक, तो आपण होऊन आत गेला. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिनची शेवटची कसोटी झाली. त्या सामन्यात तो ७४ वर 'वॉज कॉट बाय सॅमी', गोलंदाज देवनारायण. आणि सामना संपल्यावर 'ही रिटायर्ड'. एकाच मैदानावर, एकाच माणसाबद्दल, दोन वाक्यं. पहिल्यात सॅमीला पाट आहे, दुसऱ्यात कुणालाच नाही, कारण निवृत्ती त्याची त्याने घेतली. त्याच्याबद्दल 'ही वॉज रिटायर्ड' लिहिलं असतं तर मुंबईत दंगल झाली असती, त्याचा अर्थ होतो कुणीतरी घरी बसवलं. सरकारी नोकरीत सक्तीने निवृत्त केलेल्याला हेच रूप वापरतात. मग 'ही इज रिटायर्ड' काय? ती नुसती अवस्था. माझ्यासारखी.

ही अवस्था हा तिसरा पाहुणा आहे आणि तो पॅसिव्हचे कपडे घालून येतो. 'द शॉप क्लोझेस अ‍ॅट नाइन', दुकान नऊला बंद होतं, अकर्मक. 'द शॉप इज क्लोझ्ड बाय द वॉचमन एव्हरी नाइट', पॅसिव्ह. 'द शॉप इज क्लोझ्ड, कम टुमॉरो', इथे कुणी काही करत नाही, दुकानाला कुलूप आहे एवढंच. क्रिया की अवस्था, ओळखायची सोपी खूण अशी की 'इज' काढून 'रिमेन्स' घालून बघ. दुकान बंद राहतं, चाललं, म्हणजे अवस्था. तशीच 'टायर्ड', 'इंटरेस्टेड', 'वरीड' ही मंडळी. त्यांच्या आधी 'व्हेरी' निमूट बसतो, 'व्हेरी किल्ड' कुणी म्हणत नाही.

आणि एक जुना वेषधारी. 'ही इज गॉन', 'द गेस्ट्स आर कम' अशी वाक्यं जुन्या इंग्रजी पुस्तकांत भेटतील. 'इज' आहे, तिसरं रूप आहे, मूल झडप घालतं. पण जाणं, येणं अकर्मक, त्यांचं पॅसिव्ह होणारच नाही. पूर्वी इंग्रजीत अशा क्रियापदांचा पूर्णकाळ 'हॅव' ऐवजी 'बी' ने करत, त्याचे हे अवशेष. अणुशास्त्रज्ञ ओपनहायमर यांनी १९६५ मध्ये टीव्हीवर अणुबाँबच्या पहिल्या चाचणीची आठवण सांगताना गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या श्लोकाचा इंग्रजी अवतार म्हटला, त्यात 'अ‍ॅम बिकम' आहे. त्यांच्यावरच्या २०२३ च्या सिनेमामुळे मुलांना ते तोंडपाठ असतं आणि ती विचारतात, 'हॅव' का नाही? आता तुझ्याकडे उत्तर आहे.

जोड्यांचं एक राहिलंच. इंग्रजीत आपल्यासारख्या जोड्या अगदीच नाहीत असं नाही. 'राइज' आणि 'रेझ', 'लाय' आणि 'ले', 'फॉल' आणि 'फेल' या उरल्यासुरल्या. शेवटची सगळ्यांत घातकी, कारण पडण्याचा भूतकाळ आणि पाडण्याचा वर्तमानकाळ दिसतात सारखे. वादळात झाडं पडली, 'ट्रीज फेल'. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पाडली गेली, 'ट्रीज वेअर फेल्ड'. एका 'वेअर'ने आणि एका 'ड'ने करवत वाक्यात येते. पेपर फुटणं आणि फोडणं, 'लीक्ड' आणि 'वॉज लीक्ड', यातही तेच. मुलांना बातमी वाचताना विचारायची सवय लाव, लिहिणाऱ्याने पाट मांडलाय की उचललाय? पॅसिव्हला लोक लबाड म्हणतात. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन संसदेपुढे इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर बोलताना चुका 'वेअर मेड' म्हणाले, कुणी केल्या ते नाही म्हणाले, त्यावरून आजवर टिंगल चालते. पण माझं मत विचारशील तर पॅसिव्ह निदान 'कुणी?' विचारायला जागा ठेवतं. खरा लबाड अकर्मक. 'गोष्टी घडल्या' म्हटलं की विचारायलाही जागा नाही.

आणि हे सगळं आपल्यालाच अवघड जातं असं समजून खचू नकोस. 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' नावाचं छोटं पुस्तक अमेरिकेत फार वाचलं जातं. स्ट्रंकने १९१८ मध्ये लिहिलं, व्हाइटने १९५९ मध्ये वाढवलं. त्यात अ‍ॅक्टिव्ह वापरा असा नियम आहे. २००९ मध्ये जेफ्री पुलम या भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की त्या नियमाखाली सुधारून दाखवलेल्या चार वाक्यांपैकी तीन पॅसिव्ह नव्हतीच. 'वॉज' दिसला की पॅसिव्ह, असं त्यांचंही झालेलं. लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या निबंधात पॅसिव्ह टाळा म्हणून बजावलं आणि त्याच निबंधाच्या पहिल्या वाक्यात ते वापरलं. तेव्हा कुणी मोठा माणूस म्हणतो म्हणून पोरांच्या निबंधातले सगळे 'वॉज' लाल शाईने खोडत सुटू नकोस.

'धिस बुक सेल्स वेल' सारखी वाक्यं नववीत आली तर 'हे पुस्तक खपतं' म्हण आणि पुढे सरक. 'खपणं' कानाला लागलं की मुलांना लगेच कळतं. कापड चांगलं धुतं असं मात्र मराठीत म्हणता येत नाही, तिथे 'धुतलं जातं' म्हणावं लागतं. म्हणून 'द क्लॉथ वॉशेस वेल' वर थोडं थांब. 'ब्रेक'सारखी क्रियापदं एकटी चालतात आणि 'हिट'सारखी चालत नाहीत, हे चार्ल्स फिलमोरने १९७० मध्येच दाखवलंय. काठी आपली आपण मोडू शकते, पण 'द ट्री हिट' असं काही होत नाही.

दहावीच्या पेपरात हमखास येणारी एक गोष्ट सांगून थांबते. 'एव्हरीवन लाफ्ड अ‍ॅट हिम', व्हॉइस बदला. 'लाफ' अकर्मक, मग बदलणार कसा? इथे 'लाफ अ‍ॅट' असं दोघांचं मिळून एक क्रियापद झालंय आणि 'हिम' त्याचं कर्म आहे. 'लुक आफ्टर', 'लुक इंटू', 'लिसन टू' यांचंही तसंच. उत्तर 'ही वॉज लाफ्ड अ‍ॅट बाय एव्हरीवन'. 'अ‍ॅट' आणि 'बाय' शेजारी आले की मुलांना वाटतं दोन कशाला, आणि ती 'अ‍ॅट' गाळतात. तपासताना तिथे डोळा ठेव, आणि 'अ‍ॅट' नसेल तर अर्धा गुण काप, रडारड झाली तरी.